यवनांची नावे दगडात, मिस्त्रींची नावे कोठे?

विद्यार्थी मित्रहो, आपल्या तालुक्याचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण शिवनेरीपासून सुरुवात करतो आणि बहुधा शिवनेरीपाशीच थांबतो. त्यात गैर काही नाही. ज्या गडावर १६३० साली शिवराय जन्मले, त्या गडाचा अभिमान आम्हांला नसेल तर कोणाला असावा? पण त्याच शिवनेरीच्या कड्यांत आणि सभोवतीच्या मानमोडी, तुळजा, लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत काही माणसांची नावे आहेत. सहलीला जाणारा आपल्यातला बहुतेक जण त्या नावांखाली बसून डबा खातो, आणि वर काय लिहिले आहे ते न विचारता खाली उतरतो.

त्या नावांत तीन नावे परक्या मुलखातल्या माणसांची आहेत. एका लेखात म्हटले आहे की इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दान दिली. दुसऱ्यात चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप करून दिला. तिसऱ्यात चंद नावाच्या यवनाने लेण्याचा दर्शनी भाग कोरविला. हे लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले मानले जातात. यवन या शब्दाला पुढे आपल्याकडे निराळाच अर्थ चिकटला. मूळ शब्द आयोनियातल्या ग्रीकांचा, आणि नंतर तो भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या कोणाही पाश्चात्त्य माणसाला लावला जाऊ लागला. त्या काळी त्या सगळ्या समुद्रावर इटलीतल्या रोमची सत्ता होती. रोमचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरे आणि बैलांच्या पाठीवर नाणेघाट चढून जुन्नरला येई, तेथून पुढे पैठणला जाई. त्या मालाबरोबर माणसेही आली. त्यांतली काही येथे राहिली, येथल्या धर्माला लागली, आणि येथल्या तहानलेल्यांसाठी टाकी खोदून गेली.

याच लेण्यांत कारागिरांचाही उल्लेख आहे. वेळूकाम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी घडविणाऱ्या कासारांची श्रेणी, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, अशा संघटना त्या काळी जुन्नरात होत्या. धान्याच्या व्यापाऱ्यांनी तर स्वतःच्या नावे लेणे आणि टाके दिले. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या जुन्नरने परका माणूस आणि हाताने काम करणारा माणूस, दोघांचीही नावे राजा-अमात्यांच्या नावांशेजारी दगडात राहू दिली.

माझा प्रश्न साधा आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या जुन्नर-आंबेगावात जे परके कारागीर आले, राहिले आणि येथेच मातीला मिळाले, त्यांची नावे कोठे लिहिलेली आहेत?

हा प्रश्न मला सुचला तो एका इटालियन मेकॅनिकची हकीकत वाचताना. अमेदेओ गोर्दिनी हा १८९९ साली इटलीतल्या बोलोन्या शहराजवळच्या बाझ्झानो गावी जन्मला. घरची गरिबी. शाळेच्या वयातच तो लोहाराच्या हाताखाली लागला, मग मोटारींच्या कारखान्यात गेला. पहिले महायुद्ध झाल्यावर तो पॅरिसला गेला, तेथे मिळेल त्या गॅरेजात मिस्त्रीचे काम करू लागला आणि पुढे त्याने स्वतःचे छोटे गॅरेज काढले. साध्या फियाट गाडीचे इंजिन उघडून तो ते असे जुळवी की मोठ्या पैशाच्या गाड्या शर्यतीत मागे पडत. फ्रेंच लोकांनी त्याचे नाव ‘जादूगार’ ठेवले. हा जादूगार पुढे फ्रान्सचा नागरिक झाला. १९६४ साली रेनो कंपनीने काढलेल्या एका गाडीला तर त्याचेच नाव दिले गेले. १९७९ मध्ये तो वारला. आज पॅरिसच्या पंधराव्या विभागात एका चौकाला त्याचे नाव आहे. लक्षात घ्या, तो सेनापती नव्हता, मंत्री नव्हता. परक्या देशातून आलेला, नखांत काळे तेल भरलेला माणूस होता, आणि त्या शहराला त्याचे नाव पाटीवर लिहिताना कमीपणा वाटला नाही.

गोर्दिनी एकटा नव्हता. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे इटली सोडून गेली. कोणी अर्जेंटिनात, कोणी ब्राझीलमध्ये, कोणी अमेरिकेत, कोणी फ्रान्समध्ये. दगड फोडणारे, द्राक्षाच्या बागांत राबणारे, न्हावी, सुतार, आणि मोटारी आल्यावर मोटारींचे मिस्त्री. ज्या गावांत ते गेले तेथे प्रथम त्यांना शिव्याच मिळाल्या. आमची कामे हिसकावतात, लसूण खातात, गलका करतात, असे म्हटले गेले. आज त्याच इटलीच्या उत्तरेकडील गोठ्यांत पंजाबातून गेलेले शीख लोक गाई पिळतात, आणि त्या दुधाचे पार्मेजान चीज जगभर इटलीच्या नावाने विकले जाते. माणसांचे हे वाहणे एका दिशेने कधीच नसते.

आता कोणी म्हणेल, इटलीतली माणसे आपल्याकडे आली नाहीत, मग त्यांचे काय एवढे? माणसे आली नसतील, यंत्रे आली. १९४६ साली इटलीतल्या पोंतेदेरा गावी, बॉम्बनी उद्ध्वस्त झालेल्या विमानाच्या कारखान्यात, कोर्रादिनो दास्कानिओ नावाच्या विमान-अभियंत्याने एक स्कूटर आखली. तिच्या आवाजावरून व बारीक कमरेवरून तिला ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी, असे नाव पडले. पुढल्याच वर्षी मिलानमधून लॅम्ब्रेटा निघाली. या दोघी समुद्र ओलांडून महाराष्ट्रात आल्या. लॅम्ब्रेटा मुंबईत जुळू लागली. व्हेस्पा १९६०च्या सुमारास बजाजच्या हाती आली आणि पुण्याजवळ आकुर्डीला तयार होऊ लागली. इटालियन कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली तीच स्कूटर थोडे अंग बदलून ‘चेतक’ झाली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव लावलेली ही गांधीलमाशी किती वर्षे नंबर लावून ठेवल्यावर घरी यायची, आणि लग्नाच्या बैठकीत तिचा विषय कसा निघायचा, ते वडीलधाऱ्यांना विचारा. तीच गोष्ट फियाटची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तोरीनोची फियाट कुर्ल्याला आणली. १९७४ साली तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. आणि आज आपण फाट्यावर उतरून जिच्यात दाटीवाटीने बसतो ती ‘ॲपे’? तिचे नावही इटालियनच, अर्थ मधमाशी. ती बारामतीला तयार होते. घाटावरची भाजी, शाळेची पोरे आणि देवदर्शनाच्या म्हाताऱ्या ही मधमाशी गोळा करते, आणि ती परदेशी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

यंत्र असे सहज आपले होऊन जाते. माणूस आपला व्हायला वेळ लागतो. आणि यंत्र आपले होते ते सुद्धा एखाद्या माणसाच्या हातून होते, हे आपण विसरतो. कुर्ल्यात किंवा आकुर्डीत गाडी तयार झाली म्हणजे ती गावात चालली असे नाही. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या रस्त्यावर खेडचा घाट आहे. पलीकडे माळशेज आहे. एप्रिल-मे महिन्यात भरलेली फियाट घाट चढू लागली की तिच्या पंपातले पेट्रोल उकळून वाफ होई आणि गाडी भर चढावर बसे. ओले फडके पंपावर गुंडाळून अर्धी बिडी होईपर्यंत थांबायचे, मग गाडी निघते, हे कंपनीच्या पुस्तकातून नव्हे, रस्त्यावरच्या मिस्त्रीकडून लोक शिकले. स्कूटर सकाळी सुरू झाली नाही तर तिला इंजिनाच्या बाजूला आडवी करून पुन्हा उभी करायची, प्लग काढून त्यावरचा काजळीचा थर कानशीने घासायचा, पेट्रोलमध्ये तेल किती टाकायचे याचा अंदाज बाटलीच्या झाकणाने घ्यायचा, हे सारे ज्ञान आमच्या वाड्यावस्त्यांवर कोणी नेले? ज्यांनी नेले त्यांतले पुष्कळ जण येथले नव्हते. फाळणीनंतर पंजाबातून आलेले सरदारजी होते, उत्तर प्रदेशातून आलेले वस्ताद होते, केरळातून आलेले टायरवाले आणि फिटर होते.

आमच्या फाट्यावरचे मिस्त्री असेच केरळातले. लोक त्यांना अण्णा म्हणत. दक्षिणेकडचा कोणीही माणूस आपल्याकडे अण्णाच असतो. ते आधी मुंबईला आले, काही वर्षे कुर्ल्याच्या गॅरेजांतून राबले, आणि मग भाजीपाल्याचा ट्रक चालविणाऱ्या एका मालकाने त्यांना इकडे आणले. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. चिंचेखाली चार पत्रे टाकून त्यांनी जे काम सुरू केले ते तीन वर्षांपूर्वी वारेपर्यंत तेथेच केले. त्यांच्या मराठीत ‘आहे’ नेहमी वाक्याच्या भलत्याच जागी यायचे. पण इंजिनाविषयी बोलताना त्यांना भाषेची अडचण कधी आली नाही. गाडी शंभर पावलांवर असतानाच ते कान देत आणि म्हणत, याचा टायमिंग मागे आहे, नाहीतर दोन नंबरचा प्लग मेला आहे. बोनेट उघडले की तेच निघे.

आमच्याकडची शेती नदीकाठच्या इंजिनांवर चालायची. कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठांवर वीज यायच्या आधी डिझेल इंजिनेच पाणी उपसत, आणि वीज आल्यावरही भारनियमनाच्या रात्री तीच उपयोगी पडत. इंजिनाच्या नळीत हवा धरली की पाणी बंद, आणि कांद्याला पाण्याची पाळी चुकली की वर्षाचे गणित चुकले. अशा वेळी अण्णा रात्री-अपरात्री सायकलवर पान्यांची पिशवी अडकवून बांधावर येत. टोमॅटोच्या दिवसांत नारायणगावच्या बाजाराला निघालेला पिकअप पहाटे वाटेत बसला, तर तो लिलावाआधी पोचविणे हे त्यांच्या मते मिस्त्रीचे कर्तव्य होते. पैसे लगेच मिळतील अशी अपेक्षाच नसे. पट्टी झाली की द्या, असे ठरलेले.

मिस्त्री म्हणजे साधुसंत, असे मला म्हणायचे नाही. अण्णा आज देतो म्हणून गाडी घेत आणि ती आठ दिवस चिंचेखाली उभी राही. हाताखालच्या पोरांना ते पाना फेकून मारीत. एखाद्या शेठची गाडी आली तर गरिबाच्या लुनापेक्षा तिच्याकडे आधी वळत, अशीही तक्रार होती. पण आज आमच्या परिसरात जी सात-आठ गॅरेजे आहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांची आहेत, आणि ती सारी येथल्याच मराठी आणि आदिवासी घरांतली आहेत. परक्या माणसाने येऊन आमच्या पोरांची कामे घेतली, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आणि हिशेबावरून आठवले. अण्णा आपली उधारी वहीत लिहीत नसत. शेडच्या आतल्या पत्र्यावर खडूने, मल्याळी अक्षरांत लिहीत. कोणाचे किती, कोणत्या कामाचे, कधीचे, सारे त्या पत्र्यावर. गावात कोणालाही ते वाचता येत नसे, आणि त्यांना तेच हवे होते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर कोणाची उधारी उघडी पडू नये, असे ते म्हणत. ते वारल्यावर रस्तारुंदीचे काम निघाले आणि शेड काढावी लागली. त्यांचा मुलगा येथल्याच मराठी शाळेत शिकला. त्याला मल्याळी बोलता येते, वाचता येत नाही. पत्रे भंगारात गेले. त्यानंतर चार-सहा शेतकरी आपण होऊन त्याच्या घरी गेले आणि अंदाजाने पैसे ठेवून आले. बाकीच्यांनाही आपापला आकडा ठाऊक असेलच.

मित्रहो, या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला. इरिलाचे नाव ब्राह्मीत आहे. ब्राह्मी वाचणारे मधल्या शेकडो वर्षांत कोणी उरले नव्हते. तरी एकोणिसाव्या शतकात ती अक्षरे उलगडली आणि त्याच्या दोन टाक्यांचा हिशेब आपल्याला कळला. याचे कारण ती दगडात होती आणि जागेवर होती. मल्याळी वाचणारी माणसे तर आज पुण्यात-मुंबईत हजारोंनी आहेत. तरी अण्णांचा पत्रा वाचला गेला नाही, कारण तो वाचण्यासारखा आहे असे वेळेवर कोणाला वाटलेच नाही. लिपी अवघड असणे ही अडचण मोठी नसते. आपल्याला काय जपावेसे वाटते, हा खरा प्रश्न असतो.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, बाहेरच्यांचे एवढे कौतुक कशाला? आमच्याच पोरांना काम नाही. शेतीचे तुकडे झाले, पदवी घेऊन पोरे पारावर बसली आहेत. हे दुःख खरे आहे आणि ते मी घरात रोज पाहतो. पण या आक्षेपाचे उत्तर आपल्याच तालुक्यांच्या इतिहासात आहे. मुंबईचे डबेवाले कोठले? जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले या तालुक्यांतलेच ना? मशीद बंदरात पाठीवर गोणी वाहणारे माथाडी कोठले? त्यांत आपल्या गावांतली माणसे किती तरी. त्यांच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा कोठे त्यांच्या पाठीला मोल आले. वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर आपल्या बाजूची मराठी ऐकू येते. मुंबईने त्यांना परके म्हटले असते तर आमच्या गावांतली निम्मी घरे कौलांची झाली नसती. आपण बाहेर गेलो तर कष्टाळू, आणि दुसरा आपल्याकडे आला तर उपरा, हा न्याय कोणत्या तराजूवर बसतो? ज्या केरळातून अण्णा आले, त्या केरळात आज बंगाल-आसामचे मजूर घरे बांधीत आहेत. त्या घरांचे मालक आखाती देशांत गाड्या दुरुस्त करीत आहेत.

आणि आंबेगावच्या मित्रांनी तर याविषयी जपूनच बोलावे. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. आपले गाव सोडून दुसऱ्याच्या शिवारात घर मांडणे म्हणजे काय, हे धरणग्रस्तांना कोणी शिकवायला नको. आणखी एक आठवण देतो. भीमाशंकरच्या मंदिरापुढे जी मोठी घंटा आहे, ती वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून मिळाली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची. युरोपी घडणीची ती घंटा आज महादेवापुढे टांगलेली आहे, आणि तिच्या नादात कोणाला परकेपणा ऐकू येत नाही. घंटेला जे दिले ते माणसाला द्यायला आपला हात का अडतो?

दुसरा आक्षेप आपल्या वर्गांतला आहे. तो कोणी तोंडाने बोलत नाही, पण वागण्यात दिसतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने गॅरेजचा विचार कशाला करायचा? साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे आपले विषय. ग्रीस आणि रॉकेल हे शिकू न शकलेल्यांचे नशीब. मला हा विचार मुळातच चुकीचा वाटतो. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणे ही विद्या आहे. ती पुस्तकावाचून, वस्तादाच्या हाताखाली, दहा-दहा वर्षे मार खाऊन मिळविलेली विद्या आहे. गुरुशिष्य परंपरेवर आपण गाण्याच्या संदर्भात निबंध लिहितो. मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या यांच्यात जे चालते ते दुसरे काय असते? शिवाय भाषेच्या विद्यार्थ्याला तर गॅरेज म्हणजे खाण आहे. आटे गेले, हवा धरली, गाडी मिसिंग मारते, क्लच घसरतो, असे शब्द तेथे रोज घडतात. इंग्रजी, हिंदी, मल्याळी, पंजाबी आणि आपली घाटावरची मराठी यांचे ते कालवण आहे, आणि ते कोणत्याही कोशात नीट सापडणार नाही.

ही विद्याही आता जाण्याच्या वाटेवर आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. आता गाडीला संगणकाची तार लावतात आणि दोष पडद्यावर वाचतात. ते वाईट आहे असे नाही. धूर कमी झाला तर आपल्याच छातीला बरे. मोठ्या गावांना बाह्यवळण रस्ते झाले, त्यामुळे जुन्या रस्त्यावरच्या गॅरेजांपुढून आता गाड्याच जात नाहीत. म्हणजे ज्या पिढीने व्हेस्पा, लॅम्ब्रेटा, फियाट आणि डिझेल इंजिने कानाने ओळखली, ती पिढी आता शेवटची. येत्या दहा वर्षांत त्यांतले बहुतेक जण राहणार नाहीत. यवनांचे लेख वाचायला आपण अठराशे वर्षांनी आलो तरी चालले. येथे तेवढी सवड नाही.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या महाविद्यालयाने एक नोंदवही करावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात होतेच. त्यात रस्ता झाडण्याबरोबर हेही काम घ्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या किंवा फाट्याच्या एका मिस्त्रीकडे जाऊन बसावे. मिस्त्री हा शब्द मी मोठ्या अर्थाने घेतो. त्यात गॅरेजवाला, पंक्चरवाला, इंजिन फिटर, वेल्डर, बोअरचा मोटारवाला सारे आले. त्याच्या परवानगीने पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. मूळ गाव कोणते, येथे कोणत्या साली आणि कसे आले, वस्ताद कोण, कोणती यंत्रे हाताखालून गेली, आणि त्यांच्याकडून शिकून कोण कोण उभे राहिले. इतिहास विभागाने नोंदी तपासाव्यात, मराठी विभागाने शब्द टिपावेत, आणि वही ग्रंथालयात ठेवावी. खर्च म्हणाल तर दोनशे पानी वहीचा. येथलेच असोत की बाहेरून आलेले, दोघांचीही नोंद व्हावी. जुन्नरच्या लेण्यांत यवन आणि कासार एकाच डोंगरात आहेत, तसेच येथेही असावे.

आपल्यापैकी काही जण विचारतील की, नावांचा एवढा आग्रह धरणारा हा लेखक अण्णांचे नाव का लिहीत नाही? मी ते लिहिणार होतो. त्यासाठी त्यांच्या मुलाकडे परवानगी मागायला गेलो. तो आता नव्या रस्त्याच्या कडेला दुकान चालवितो. पत्र्याची शेड गेली, पण वडिलांच्या पान्यांचा संच त्याने ठेवला आहे. त्याने सांगितले की, एकट्या बापाचे नाव छापले तर लोक म्हणतील पोराने छापून आणले. आधी या रस्त्यावरच्या सगळ्या मिस्त्रींची नावे काढा, मग त्यांच्या रांगेत बापाचे घाला. मला त्याचे म्हणणे पटले.

म्हणून ते नाव येथे नाही. ते नोंदवहीत येईल, त्याच्या क्रमाने येईल. यंदाच्या शिबिराची यादी लावताना प्राचार्य व प्राध्यापकांनी या कामासाठी एक दिवस राखून ठेवावा, एवढी विनंती करून हा लेख संपवितो. फाट्यापासून सुरुवात करायला मी तयार आहे. वही मी आणतो.